साडेतीन फुटांवर

फ्रेमच्या दुकानात बसलं की कुणाच्या भिंतीवर कुणाला जागा मिळते, ते न विचारता कळतं. आमच्याकडे सर्वांत जास्त येतात ते देव. त्यांच्यानंतर गेलेली माणसं. घरातलं कुणी गेलं की तेराव्याच्या आत फोटो मोठा करून हवा असतो, म्हणून ते काम आम्ही कधी उद्यावर ढकलत नाही. मग लग्नाचे फोटो, डिग्र्या, निवृत्तीच्या समारंभातली मानपत्रं. लहान मुलांची चित्रं या रांगेत फार उशिरा आली आणि आजही ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी कामाला जोडूनच येतात. आजोबांचा फोटो काउंटरवर ठेवून झाला, पट्टी पसंत पडली, पैसे ठरले, की बाई पर्समधून घडी घातलेला कागद काढते आणि जरा संकोचून विचारते, "ताई, याचं काही करता येईल का?"

त्या संकोचाचं मला नेहमी वाईट वाटतं. पर्समधून निघालेला तो कागद त्या घरातल्या जिवंत, वाढत्या माणसाच्या हातचा असतो. काउंटरवर तो मी आधी दोन्ही हातांनी सपाट करते, दिव्याखाली घेते आणि नीट बघते. घाईने बाजूला ठेवत नाही. बाई बघत असते, आणि बरोबर मूल असलं तर तेही बघत असतं.

दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, तात्यापाऱ्याजवळ. रायपूरच्या या जुन्या भागात मराठी माणूस भोसल्यांच्या राजवटीपासून आहे. इथलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. पण गिऱ्हाईक सगळ्या भाषांचं. काउंटरवर हिंदी, मागे कारागिरांशी छत्तीसगढी, घरी मराठी, असा आमचा दिवस जातो. मी लग्न होऊन नागपूरहून आले आणि पट्टी कापायला सासऱ्यांच्याच हाताखाली शिकले. पंचेचाळीस अंशांच्या कोनात केसाएवढा फरक पडला तरी चौथा कोपरा उघडा राहतो, हे त्यांनी बोलून कमी आणि पट्ट्या परत कापायला लावून जास्त शिकवलं.

मुलाचं चित्र मढवणं हे छापील तसबिरीपेक्षा अवघड काम आहे, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. तसबीर सपाट असते, ठरलेल्या मापाची असते, तिची शाई पक्की असते. मुलाचं चित्र वहीच्या पानावर असतं, कॅलेंडरच्या पाठीवर असतं, मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर असतं. ऑइल पेस्टल वर्षानुवर्षं पूर्ण वाळत नाही. काच त्याला टेकली तर रंग काचेला धरतो, आणि पुढे कधी फ्रेम उघडली तर निम्मं चित्र काचेबरोबर निघून येतं. रायपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावला तर ती तापलेली लागते, आणि तिथे मेणखडूची चित्रं मऊ पडतात. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये अंतर ठेवावं लागतं. आम्ही जाड माउंट दुहेरी करतो किंवा फ्रेमच्या खाचेत काचेच्या आतल्या अंगाने बारीक पट्ट्या बसवतो. स्केचपेनचं दुखणं वेगळं. त्याचे रंग उजेडात उडतात, आणि गुलाबी-जांभळे सगळ्यांत आधी. ज्या मुलीने आईच्या साडीला मन लावून जांभळा रंग भरला, तिचं चित्र खिडकीसमोर लावलं तर काही वर्षांत आईची साडी पांढरट होते. पोस्टर कलर जाड थापलेला असला तर कागद गुंडाळताना त्याचे पोपडे सुटतात.

आणि सेलोटेप! फाटलेलं चित्र प्रेमाने जोडायला आया सेलोटेप लावतात. ती पिवळी पडते, वरची पट्टी एक दिवस गळून पडते, पण डिंक कागदात मुरलेला राहतो आणि तो डाग जात नाही. फाटलं असेल तर तसंच आणा, मागून पातळ कागदाची पट्टी खळीने लावता येते, हे मी प्रत्येकाला सांगते. फेव्हिकॉल फासून चित्र पुठ्ठ्यावर कायमचं डकवू नये, हेही. आम्ही वरच्या कडेला दोनच कागदी बिजागऱ्या लावतो, चित्र त्यांना लोंबतं. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. त्याला हलायला मोकळीक हवी. मागची बाजू ब्राउन पेपरने बंद केली नाही तर कसर शिरते.

आमचा जुना कारागीर या कामाला सगळ्यांत धीराने बसतो. नव्या मुलाने एकदा चित्राची वाकडीतिकडी कड पट्टी धरून सरळ कापायला घेतली, तेव्हा त्याने हातातलं काम टाकून त्याचं मनगट धरलं. "लइका के हाथ के आय," एवढंच म्हणाला. पोराच्या हातचं आहे. तेव्हापासून मुलांच्या चित्रांची कड आमच्या दुकानात कुणी कापत नाही. फाडलेली कड, शाईचा डाग, कोपऱ्यात उलट्या अक्षरात लिहिलेलं नाव, सगळं माउंटच्या आत दिसेल असं ठेवतो.

मुलांची म्हणून जी कामं येतात त्यांत चित्रांपेक्षा प्रमाणपत्रं पुष्कळ. चित्रकला स्पर्धेत दुसरा क्रमांक, उत्तेजनार्थ, सहभाग. सोनेरी पट्टी लावा म्हणतात. मी विचारते, चित्र कुठे आहे? ते स्पर्धेला दिलं, परत मिळत नाही. म्हणजे मुलाने जे केलं ते गेलं, आणि दुसऱ्या कुणी त्याला काय म्हटलं तो कागद दिवाणखान्यात लागला. आईवडिलांचा अभिमान खरा असतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुलाला त्यातून जे कळतं ते मला काळजीत टाकतं. भिंतीवर जायचं तर जिंकावं लागतं, हे त्याला कळतं. पुढची चित्रं मग परीक्षकासाठी निघतात: दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. रायपूरच्या कुठल्या खिडकीतून दोन डोंगर दिसतात? इथे सगळा सपाट धानाचा मुलूख, आणि तळी. तेलीबांधा, बुढा तलाव, कटोरा तलाव रोज बघणारी मुलं कुणीतरी शिकवलेला डोंगर काढतात. चित्र स्पर्धेला देणार असाल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा, किंवा मुलाने घरी काढलेलं दुसरं एखादं चित्र त्या प्रमाणपत्राशेजारी लावा, असं मी सुचवते. काही जण ऐकतात.

आता उंचीचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आम्ही घरी जाऊन तसबिरी लावूनही देतो. मोठ्या माणसाच्या नजरेचा हिशोब धरून फ्रेमचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर येतो, आणि हात आपोआप तिथेच खूण करतो. पण पाच वर्षांचं मूल साधारण साडेतीन फुटांचं, त्याचे डोळे त्याहून चार बोटं खाली. पाच फुटांवर लावलेलं त्याचं चित्र त्याला मान वर करून बघावं लागतं आणि काचेवर दिव्याची तिरीप दिसते. म्हणजे ते चित्र पाहुण्यांसाठी लावलेलं असतं. मूल ज्या चित्रासमोर उभं राहू शकतं, ज्याच्यावर बोट ठेवून आजीला सांगू शकतं, ते चित्र घरात वापरात राहतं. म्हणून मी मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करते, डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलने खूण करते आणि मध्य तिथे धरते. आईवडील म्हणतात, इतकं खाली विचित्र दिसेल. दिसतं थोडं, पहिले दोन दिवस. इतक्या खाली लावताना काच मात्र मी वापरत नाही, ॲक्रिलिक लावते, आणि फ्रेम एका खिळ्यावर न टांगता दोन स्क्रूंवर बसवते. चेंडू लागणार, डोकं आपटणार, हे धरूनच चालायचं.

छत्तीसगढमध्ये राहून भिंतीवरच्या चित्रांबाबत माझे डोळे उघडले ते इथल्या गावातल्या भिंतींमुळे. नागपूरला आमच्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे, तेवढं मला ठाऊक होतं. इथे श्रावणातल्या हरेलीला बाया दाराबाहेरच्या भिंतीवर शेणाने सवनाही काढतात, माणसं, जनावरं, घराची राखण करणाऱ्या आकृत्या. जन्माष्टमीला आतल्या भिंतीवर आठे कन्हैया येतो, आठ आकृत्यांचा, त्याची पूजा होते. हे काढायला कुणी चित्रकार बोलावत नाहीत. घरातली बाई काढते, पोरी शेजारी बसून बघतात, हाताखाली काढतात, पुढे त्याच काढू लागतात. आणि दिवाळीच्या आधी छुही मातीचा पांढरा हात सगळ्या घरावर फिरतो, त्याखाली जुनं चित्र जातं. पुढच्या वर्षी नवं. त्या चित्राला टिकायचं ओझं नसतं. आमच्या धंद्याला हे मानवणारं नाही, कारण आम्ही टिकवण्याचेच पैसे घेतो. पण लहान मुलाच्या चित्रांकडे बघायची खरी रीत मला त्या छुही फिरवणाऱ्या हातात सापडली.

सोनाबाई रजवारचं घरही मला याच संदर्भात आठवतं. सरगुजा जिल्ह्यातलं पुहपुतरा गाव. सोनाबाई त्या घरात राहायला आली आणि पुढे कित्येक वर्षं तिचं बाहेरच्या जगाशी येणं-जाणं जवळजवळ तुटलेलं होतं. मुलगा लहान, दरोगाराम. त्याला खेळायला काही हवं म्हणून तिने मातीची खेळणी केली, पक्षी, जनावरं, माणसं. मग ती खेळणी भिंतींवर चढली. बांबूच्या कांबींची जाळी विणून तिच्यावर माती लिंपायची, तिच्या गोल-गोल खिडक्यांत माकडं, पोपट, वाजवणारे गडी बसवायचे. उन्हाळ्यात त्या जाळीतून वारा यायचा आणि अंगणात उजेडाची नक्षी पडायची. रंग स्वयंपाकघरातले आणि रानातले. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनाची माणसं जगदीश स्वामिनाथन यांच्या योजनेतून गावोगाव फिरत तिथे पोचली, तोवर सगळं घर भरलेलं होतं. नंतर तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये ती गेली, त्यानंतर अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयात तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. पण सुरुवातीला हे सगळं होतं ते एका लहान लेकरासाठी. कलेच्या पुस्तकांत सोनाबाईचं एकाकीपण पुष्कळ येतं, ते यायलाच हवं. मला मात्र त्यात एक आई दिसते, जिने लेकराचा खेळ आणि घराची भिंत यांच्यात काही अंतरच ठेवलं नाही.

मढवलेलं चित्र आणि मुलाचं वाढणं यांचा मेळ कसा घालायचा, यावर कलाशिक्षक देवीप्रसादांच्या कामाने मला बळ दिलं. शांतिनिकेतनात शिकून ते १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि हिंदुस्थानी तालीमी संघाच्या शाळेत १९६२ पर्यंत मुलांना कला शिकवत राहिले. वर्ध्याच्या उन्हात, साध्या कागदावर, तिथल्याच मातीचे रंग करून. 'शिक्षा का वाहन : कला' हे त्यांचं पुस्तक एका शिक्षक गिऱ्हाइकाने मला दिलं. मुलाच्या चित्रात चित्रापेक्षा मूल मोठं आहे, हा त्यांचा विचार वाचून मला वाटलं, मग फ्रेमवाल्यानेही आधी मुलाला विचारायला हवं. तेव्हापासून मूल बरोबर आलं असेल तर कुठलं चित्र लावायचं ते मी त्यालाच निवडायला लावते. आईने आणलेलं असतं ते नीटनेटकं, रेषेत रंग भरलेलं. मूल पुष्कळदा दुसरंच उचलतं, जे आपल्याला अर्धवट वाटतं. का, ते प्रत्येक वेळी सांगत नाही आणि मी खोदून विचारत नाही. पट्टीचा रंगही त्यानेच निवडायचा. नुसत्या काळ्या पट्टीवर अडलेले वडील मुलाने हिरवी धरली की विरघळताना मी पाहिलेत.

डब्ल्यूआरएस कॉलनीतलं एक रेल्वेचं कुटुंब आलं तेव्हा हे सगळं एकदम कसाला लागलं. वडील वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. मुलगा पहिलीतला. त्याच्या आईने सुतळीने बांधलेली कागदांची गुंडाळी काउंटरवर उलगडली, आणि ती उलगडतच गेली. एक मालगाडी होती. वहीच्या प्रत्येक पानावर एक वॅगन, पुढच्या पानावर पुढची, कपलिंग बरोबर पानाच्या कडेला येईल असं काढलेलं. एका वॅगनीत कोळसा, एकीत धानाची पोती, एकीत हत्ती, एकीत बहुधा आजी, कारण चष्मा होता. चाकं प्रत्येक ठिकाणी मोजून काढलेली, वडिलांकडून शिकलेली असणार. आईला सगळी गाडी एका लांब फ्रेममध्ये हवी होती. क्वार्टरच्या भिंतीचं माप घेतलं तर गाडी दीड भिंत भरत होती. आणि मुलगा तर अजून वॅगनी काढतच होता.

मी तिला म्हटलं, वहिनी, गाडी बंद करून ठेवायला नको. चार दिवस विचार करून मी आणि कारागिराने सागाच्या दोन लांब पट्ट्या काढल्या. फ्रेमच्या पट्टीला काच बसायला खाच असतेच. ती खाच जरा खोल केली, एक पट्टी वर, एक खाली, समोरासमोर. प्रत्येक पान पातळ पुठ्ठ्यावर कागदी बिजागरीने लावलं आणि सरकत्या खिडकीच्या काचेसारखं बाजूने आत सरकवलं. मेणखडू होते, म्हणून समोर काहीच घातलं नाही. हात लागून पुसले गेले तर गेले. भिंतीवर मध्य धरला तो मुलाच्या डोळ्यांच्या खुणेवर. वडील स्क्रू आवळत होते, आई खालून झाडून घेत होती, आणि मुलाने पहिलं पान सरकवलं, मग दुसरं, मग डाव्या टोकाने ढकललं तर अख्खी गाडी भिंतीवर पुढे सरकली. तो ओरडला नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मागे घेऊन उभा राहिला आणि पुन्हा एकदा ढकलून बघितलं.

पुढे कळलं की उजव्या टोकाने नवी वॅगन घालायची तर जुनी एक काढावी लागते, आणि ती कुठली हे तोच ठरवतो. हत्तीची वॅगन निघाली तेव्हा आईचा जीव कासावीस झाला. तिने मला फोन केला, तीच एक फ्रेम करून द्या. मुलाला विचारा, मी म्हटलं. त्याने सांगितलं, ती दुरुस्तीला गेली आहे, परत येईल. मग ती फ्रेम झाली नाही. पट्टीतून निघालेल्या वॅगनी आईने कपाटात एका पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवल्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने तारीख आणि तो काय म्हणाला ते लिहायचं, पेनाने नाही, शाई पुढे फुटते, एवढं मी तिला सांगितलं होतं. ते तिने मनापासून केलं. पुढे कधी तरी त्या फाइलमधून एखादी वॅगन नीट माउंट करून, काचेपासून अंतर ठेवून, उजेडाच्या आडोशाला लावण्याजोगी असेलच. ते घाईचं काम नाही.

त्या खाचेच्या पट्ट्या मी आता पुष्कळ घरांत लावते. गिऱ्हाईक एक चित्र मढवायला येतं तेव्हा मी ते मढवून देतेच, आणि बाकीच्यांसाठी पट्ट्या सुचवते. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून कपड्यांचे लाकडी चिमटे लावले तरी काम होतं, त्याला माझी गरजही नाही. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावतात तेही चांगलं, फक्त पावसाळ्यात कागद वळतो आणि स्वयंपाकघराची वाफ-फोडणी बसते, म्हणून महिनाभराने बदलावं. महागडी फ्रेम हवीच असं काही नाही. लावावं, मुलाच्या नजरेला लावावं, आणि बदलत राहावं. दिवाळीची साफसफाई आली की बदलायला निमित्तही मिळतं.

त्या रेल्वेच्या कुटुंबाची बदली नागपूरला झाली, मोतीबागच्या कारखान्यात. जाण्याआधी वडील पट्ट्या काढून दुकानात घेऊन आले. मी पट्ट्यांना पॉलिशचा एक हात दिला. चित्रं गुंडाळू नका, दोन हार्डबोर्डांच्या मध्ये सपाट ठेवा, प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर घाला, असं सांगितलं. पानांचा क्रम चुकू नये म्हणून मुलाने प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे नंबर घातले. काही दिवसांनी नागपूरहून फोन आला. इथली भिंत फार कडक आहे, ड्रिलला कुठला बिट लावू? मी म्हटलं, भाऊ, सहा नंबरचा, काँक्रीटचा घ्या. आणि रायपूरचं माप धरून भोक पाडू नका, आधी त्याला भिंतीशी उभा करून पुन्हा माप घ्या, वर्षभरात तो वाढला असेल.